पंधरापैकी चुकलेले सहा

मोटरसायकलचं लर्निंग लायसन्स काढायचं तर संगणकावर १५ प्रश्न येतात आणि ९ बरोबर आले की उमेदवार पास. केंद्रीय मोटार वाहन नियमांत किमान ६० टक्के उत्तरं बरोबर हवीत असं म्हटलंय, त्याचाच हा हिशेब. म्हणजे ६ उत्तरं चुकली तरी चालतं, आणि ती ६ कोणती हे कोणी विचारत नाही. नो पार्किंगच्या पाटीवर तिरपी रेघ एक असते की दोन, हे चुकलं तर एक गुण जातो. रात्री समोरून गाडी येताना अप्पर ठेवायचा की डिपर, हे चुकलं तरी एकच गुण जातो. बहुतेक पोरं नऊ कसे जमवायचे याच्या मागे असतात. मला त्या उरलेल्या सहांची काळजी वाटते, आणि धानोऱ्यासारख्या तालुक्यात तर जास्तच.

धानोरा गडचिरोलीच्या पूर्वेला. रस्ता चातगाव, लेखा-मेंढा करत धानोऱ्याला येतो आणि पुढे येरकड, मुरूमगाव करत छत्तीसगडच्या मानपूरकडे जातो. हा झाला मोठा रस्ता. त्याला रांगी, कारवाफा, पेंढरी, गट्टा या बाजूंचे फाटे फुटतात आणि त्या फाट्यांना पुन्हा टोल्यांच्या वाटा. एसटी जिथे मोजक्या वेळा येते, आणि पावसाळ्यात नाला भरला की तीही येत नाही, तिथे दवाखाना, बँक, आठवडी बाजार, कॉलेज, तेंदूपत्त्याची फळी या सगळ्याला मोटरसायकलच लागते. धान विकून गाडी आधी घरी येते आणि लायसन्सचा विचार पहिल्यांदा पोलिसांनी अडवल्यावर होतो. हा क्रम उलटा व्हायला हवा, पण तो का होत नाही हेही कळण्यासारखं आहे.

वयाचं आधी सांगून टाकतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. १६ वर्षं पूर्ण झाली की लायसन्स मिळतं हे खरं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीचं. घरात उभी असते ती १०० किंवा १२५ सीसीची, आणि तिला १८ पूर्ण लागतात. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लर्निंगसुद्धा नाही. अकरावी-बारावीच्या पोराच्या हाती किल्ली देणाऱ्या बापाला यातलं शेवटचं वाक्य वाचून दाखवावं. दंड कसाही भरता येतो, पण सात-आठ वर्षं लायसन्सविना राहणं जंगलातल्या गावात फार जड जातं.

शिक्षणाची अट मात्र मोटरसायकलला नाही. आठवी पासची अट होती ती व्यावसायिक वाहनांच्या चालकांना, आणि तीही २०१९मध्ये काढून टाकली. तरीही परीक्षा वाचूनच द्यायची असते. मराठी, हिंदी, इंग्रजी यांतली भाषा निवडता येते. धानोरा तालुक्यातल्या कितीतरी घरांत बोलली जाणारी गोंडी त्या यादीत नाही. प्रश्नांची मराठी शासकीय आहे. ‘मार्गस्थ व्हावे’, ‘अग्रक्रम द्यावा’, ‘अरक्षित रेल्वे समपार’ असले शब्द वाचून चांगला मराठी शाळेत शिकलेला पोरगाही अडखळतो. म्हणून तयारीची पहिली पायरी म्हणजे कोणाबरोबर तरी बसून प्रश्न मोठ्याने वाचणं आणि आपल्या बोलीत त्याचा अर्थ लावणं. अर्थ लागला की उत्तर बहुतेक वेळा आपसूक सुचतं.

अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर. शुल्क लर्निंगचं १५० रुपये आणि परीक्षेचं ५०. जून २०२१पासून महाराष्ट्रात आधारच्या आधारे ही परीक्षा घरबसल्या देता येते. आधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत बघायची आणि मग प्रश्न सोडवायचे. प्रत्येक प्रश्नाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ. धानोऱ्याच्या पोराचं एक काम यामुळे वाचलं, गडचिरोलीची एक खेप कमी झाली. पण घरबसल्या म्हणजे नेटवर्क असलेल्या घरी बसल्या. ज्या गावात फोन लावायला टेकाडावर चढावं लागतं तिथला उमेदवार शेवटी तालुक्याच्या सेवा केंद्रातच येतो, आणि तिथे कोणी ना कोणी म्हणतोच, ‘तू कायले त्रास घेतं, परीक्षा मीच देऊन देतो.’ अशा माणसाला पैसे देणं म्हणजे या सगळ्या कारभारातली एकच कामाची गोष्ट विकून टाकणं. अर्ज भरायला मदत घ्यावी, कागद चढवायला घ्यावी. पंधरा प्रश्न मात्र स्वतः सोडवावेत.

आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्नसंचातला एक प्रश्न शहरातल्या उमेदवाराला हसू आणतो. जनावर बिथरेल अशी भीती वाटून ते घेऊन जाणाऱ्याने थांबायला सांगितलं, तर चालकाने काय करावं? उत्तर आहे, गाडी थांबवावी. हा सौजन्याचा सल्ला नाही, मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १३२मधलं बंधन आहे. आणि कायद्याने ‘जनावर’ म्हणजे काय हेही तिथेच सांगितलंय: घोडा, गाई-बैल, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. कुत्रा त्यात नाही. मुंबईत हा प्रश्न निरर्थक वाटेल, पण संध्याकाळी पाचच्या सुमारास धानोरा-येरकड रस्त्यावर ढोरं गावाकडे परतत असताना त्याच्याइतका खरा प्रश्न नाही. कळपात म्हशी असतात, मध्येच वासरू असतं आणि मागे काठी घेतलेला ढोरकी. तो हात वर करतो तेव्हा आपल्यातले किती जण खरोखर थांबतात? बहुतेक जण हॉर्न वाजवत मधून घुसतात. हॉर्नने म्हैस रस्ता सोडत नाही, वासरू मात्र उधळतं आणि नेमकं चाकाखाली येतं.

हत्तीचं नाव कायद्यात आलं ते माहूत असलेल्या हत्तीसाठी. पण २०२१च्या अखेरीस छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीच्या जंगलात उतरला आणि धानोरा, कुरखेडा या भागांत फिरू लागला. त्या हत्तींबरोबर हात वर करून ‘थांबा’ म्हणणारा कोणी नसतो. तेव्हा तिथे चालकानेच माहुताचीही अक्कल वापरायची: लांबूनच थांबायचं, हॉर्न आणि अप्पर दोन्ही बंद, आणि गाडी वळवण्याइतकी जागा मागे ठेवायची.

याच्या अगदी उलट टोकाला रेल्वेचा प्रश्न. राखणदार नसलेल्या रेल्वे फाटकाशी आलात तर काय कराल? ‘आपल्याकडं रेल्वे हाय कुठं?’ असं पोरगं विचारतं, आणि ते खोटं नाही. जिल्ह्यात वर्षानुवर्षं आगगाडी पाहायला मिळाली ती देसाईगंजला, म्हणजे वडसा स्टेशनवर. तिथून गडचिरोलीपर्यंतच्या नव्या मार्गाचं काम चालू आहे. शिवाय ब्रॉडगेज मार्गांवरची अशी बिनराखणीची फाटकं जानेवारी २०१९अखेर देशभरातून काढून टाकली गेली. तरी प्रश्न टिकून आहे, कारण तो कलम १३१मध्ये आहे. उत्तर असं: गाडी थांबवा, खाली उतरा, रुळापर्यंत पायी जा, दोन्हीकडून गाडी येत नाही याची खात्री करा आणि मगच पुढे जा. पाट्यांचा प्रश्नही यावरच येतो. त्रिकोणात इंजिनाचं चित्र असेल तर फाटकावर माणूस नाही, फाटकाचं चित्र असेल तर आहे.

मला हा प्रश्न धानोऱ्यासाठी निरुपयोगी वाटत नाही. ‘उतरा, पायी जा, बघा’ ही रीत आपल्याकडे ठेंगण्या पुलांना लागू पडते. नाल्यावरचा रपटा, त्यावरून वाहणारं गढूळ पाणी, कठडे नाहीत, मधली स्लॅब जागेवर आहे की वाहून गेली ते दिसत नाही. पावसाळ्यात वाहून गेल्याच्या ज्या बातम्या वर्तमानपत्रात येतात त्यांत मोटरसायकलस्वार असतातच. दुचाकीचा तोल दोन अरुंद पट्ट्यांवर असतो. वाहतं पाणी चाकाला आडवं ढकलतं आणि चालक तोल सावरायला पाय टाकतो तो नेमका शेवाळावर. रुळाजवळ उतरून बघण्याची सक्ती करणाऱ्या कायद्याने रपट्याचंही नाव घ्यायला हरकत नव्हती.

पुलाचा प्रश्न आहे, पण वेगळा. अरुंद पुलावर समोरून वाहन शिरण्याच्या बेतात असेल तर? थांबा, ते पार होऊ द्या, मग जा. चढाचा प्रश्नही तसाच: चढावर येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं. कारण साधं आहे. उतरणारा थांबला तर ब्रेक सोडून पुन्हा निघतो. भरलेला ट्रक चढावर थांबला तर पुन्हा उठताना मागे घसरतो. कुरखेडा-कोरची रस्त्यावरच्या बेडगाव घाटात लोड गाडीच्या मागे एकदा सापडलेल्याला हे पाठ करावं लागत नाही.

पर्यायांची एक गंमत सांगायलाच हवी. या प्रश्नसंचात ‘हॉर्न वाजवून पुढे जावे’ असा पर्याय पुन्हा पुन्हा येतो आणि तो जवळपास प्रत्येक वेळी चुकीचा असतो. पादचारी पट्ट्यावर माणसं उभी आहेत, पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडते आहे, पुलावर दुसरी गाडी आहे: सगळीकडे बरोबर उत्तर थांबण्याचं. पांढरी काठी म्हणजे थांबण्याची खूणच मानायची असा तो नियम आहे. काहीच आठवलं नाही तर थांबण्याचा, वाट पाहण्याचा, वेग कमी करण्याचा पर्याय निवडावा. याला कोणी कॉपीची युक्ती म्हणेल. म्हणू दे.

पाट्यांचं पाठांतर मात्र करावंच लागतं, पण आकारावरून केलं तर अर्धं ओझं उतरतं. लाल काठाचा त्रिकोण सावध करतो, लाल काठाचा गोल मनाई करतो, निळा गोल सक्ती करतो, चौकोन माहिती देतो. थांबण्याची पाटी अष्टकोनी आणि ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ची पाटी उलट्या त्रिकोणाची. हे दोन आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत, म्हणजे अक्षरं चिखलाने झाकली तरी नुसत्या बाह्याकृतीवरून कळावं. परीक्षेत फसवतात त्या जोड्या: नो पार्किंगला एक तिरपी रेघ, थांबूच नका याला दोन रेघांची फुली, उजवीकडे वळणं बंद हे लाल गोलात, उजवीकडे वळणं सक्तीचं हे निळ्या गोलात, गाईचं चित्र पाळीव जनावरांसाठी, उडी मारणारं हरीण रानातल्यांसाठी. शेवटच्या दोन पाट्या धानोऱ्याच्या उमेदवाराला शिकवायला नकोत. सिग्नल शिकवावे लागतात. पिवळा दिवा लागला की वेग वाढवायचा नसतो, रेषेच्या आत थांबायचं असतं. लुकलुकणारा लाल म्हणजे थांबून, बघून मग जायचं. लुकलुकणारा पिवळा म्हणजे हळू, सावध. लायसन्स देशभर चालतं, हा पोरगा उद्या नागपूर-पुण्याला कामाला जाणार, म्हणून परक्या रस्त्याचे हे प्रश्नही त्याचेच.

आता तो रात्रीचा प्रश्न. समोरून वाहन येताना दिवा खाली करावा, हे उत्तर सगळ्यांना येतं आणि पाळत कोणी नाही. दिवाळीनंतर मंडया म्हणजे गावजत्रा सुरू होतात, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात, आणि पहाटे थंडीत डोळ्यांवर झोप असलेली पोरं दहा-वीस किलोमीटर गाडी हाकत गावी परततात. अप्परचा झोत थेट डोळ्यांत गेला की समोरच्याला दोन-तीन सेकंद काही दिसत नाही. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. म्हणजे ५० मीटरपर्यंत तो माणूस आंधळा चालवतोय.

हाच हिशेब आपल्या वेगालाही लावावा. ६०च्या वेगात समोर काही दिसल्यापासून हातपाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे १७ मीटर गेलेच. कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक असले तर थांबायला आणखी साधारण २३. झाले ४०. डिपरचा उजेड धड उपयोगी पडतो तो तीस-चाळीस मीटरपर्यंत. म्हणजे दिसेल तेव्हा थांबता येणार नाही, अशा वेगात आपण चाललोय. त्यात रस्त्यावर मुरूम पसरलेला असेल, कोणी धान वाळत घातलं असेल, तणसाच्या पेंढ्या सांडल्या असतील तर तेच अंतर साठच्या वर जातं. आणि समोर काय असतं? मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली, नाहीतर बैलबंडी. ४०च्या वेगात हाच आकडा २०-२१ मीटरवर येतो. मोटरसायकलला दोन पदरी साध्या रस्त्यांवर ६०ची कमाल मर्यादा आहे हे परीक्षेत बरोबर लिहायचं, आणि रात्री ते विसरून चाळिशीत राहायचं.

पायी चालणाऱ्यांचा प्रश्न तसा दुचाकीवाल्याचा नाही, तरी येतो. फूटपाथ नसेल तिथे पादचाऱ्याने उजवीकडून चालावं, म्हणजे समोरून येणारं वाहन त्याला दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या बायका रस्त्याच्या कोणत्याही बाजूला असू शकतात. हा नियम लायसन्स काढणाऱ्याने घरी आईला आणि आजीलाही सांगावा. त्यांची परीक्षा कोणी घेत नाही.

दारूचा प्रश्न चुकवू नये. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे, पण त्यामुळे दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम इथे झोपलेलं नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मोहाची घरची म्हणून सूट नाही. हेल्मेटबद्दल एवढंच की ते मागच्यालाही लागतं, आणि पट्टा बांधलेला नसेल तर पडताना ते डोक्याआधी निघून जातं. ट्रिपल सीट कलम १२८ने बंद आहे.

अपघाताचा प्रश्न जरा थांबून वाचावा. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे चालकाचं पहिलं काम, आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं. लोक मदतीला का जात नाहीत? पोलिसांच्या फेऱ्यात अडकू म्हणून. २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ त्याच भीतीवर आहे: सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर नाही. कायदा दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला महत्त्वाचा मानतो. पेंढरी किंवा गट्ट्याकडच्या आतल्या गावातून जिल्हा रुग्णालय गाठायचं तर तो तास वाटेतच संपू शकतो, म्हणून १०८ला फोन करताना गावाचं नाव, फाटा आणि जवळची खूण नीट सांगता येणं हे इथे कोणत्याही उत्तराइतकंच मोलाचं आहे.

कागदांचा प्रश्न सोपा: लायसन्स, नोंदणीपत्र, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधली प्रत चालते, मोबाइलची बॅटरी चालू असेपर्यंत.

पास झालात की लर्निंग सहा महिने चालतं. या काळात गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच, असं नियमात मापासकट दिलंय. रस्त्यावर ही पाटी लावलेली मोटरसायकल किती दिसते हे ज्याचं त्याने आठवावं. मागे बसवायचं ते फक्त शिकवणाऱ्या, लायसन्स असलेल्या माणसाला, हाही संचातला ठरलेला प्रश्न. मित्राला बाजारात सोडायला नेणं यात बसत नाही.

पक्क्या लायसन्सची चाचणी लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या आत द्यायची. गडचिरोलीच्या उप प्रादेशिक परिवहन कार्यालयाची वेळ आधी घ्यावी लागते, तालुक्याच्या शिबिराची तारीख असेल तर तीही बघून ठेवावी. धान कापणी, तेंदूपत्ता किंवा भर पावसाळा यांत हे सहा महिने निघून जातात, मुदत संपते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पक्कं मिळालं की मात्र तिशीच्या आतल्या माणसाला ते चाळिशी पूर्ण होईपर्यंत चालतं. म्हणजे अठराव्या वर्षी काढलं तर २२ वर्षं. तेवढ्या काळात रस्ता बदलेल, गाडी बदलेल, वडशाहून निघालेली आगगाडी कदाचित गडचिरोलीत पोचलेली असेल, आणि नूतनीकरणाच्या वेळीही ते पंधरा प्रश्न पुन्हा समोर येत नाहीत. तेव्हा चुकलेले सहा कोणते होते ते निकालाच्याच दिवशी घरी येऊन वहीत उतरवावेत आणि घरातल्या लायसन्सवाल्या मोठ्यांनाही विचारून बघावेत. काकाचे बहुधा सहापेक्षा जास्त चुकतील.